बदललेल्या न्यूक्लिओटाइडांनी ॲप्टामर निवडताना: आधी एक रिकामी फेरी

साध्या आरएनएचा ॲप्टामर (ठरावीक रेणूला, म्हणजे लक्ष्याला, घट्ट धरणारी न्यूक्लिइक आम्लाची छोटी साखळी) बफरमध्ये लक्ष्याला छान बिलगतो, आणि तोच रक्तद्रव्यात टाकला की काही मिनिटांत त्याचा चुरा होतो. हे एकदा बघितलं की मनात येतं, न्यूक्लिओटाइडच बदलून टाकू, प्रश्न मिटला. मग कॅटलॉग उघडतो. फ्लुओरो, मिथॉक्सी, नॅफ्थिल, इंडोल अशी नावं दिसतात आणि नवखा माणूस त्यातलं सगळ्यात भारी वाटणारं मागवून बसतो. पुढचे सहा महिने जेलवर धुरकट पट्टे बघण्यात जातात.

गोम अशी की निवडीत टिकणाऱ्या प्रत्येक रेणूला दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक, लक्ष्य पकडायचं. दोन, एन्झाइमला त्याची नक्कल काढता आली पाहिजे. पहिलीबद्दल सगळे बोलतात. दुसरी मात्र लक्ष्य न घालताच घेता येते, स्वस्तात घेता येते, आणि ती आधी घेतली तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. या लेखाचा रोख मुख्यतः तिकडे आहे.

अगदी थोडी उजळणी

सेलेक्स ही पद्धत १९९० मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली. क्रेग ट्यूर्क आणि लॅरी गोल्ड यांनी टी४ विषाणूच्या डीएनए पॉलिमरेझवर (डीएनएची साखळी लिहिणाऱ्या एन्झाइमवर), तर अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टाक यांनी रंगद्रव्यांच्या लहान रेणूंवर ती वापरली. ‘ॲप्टामर’ हा शब्द या दुसऱ्या जोडीचा. पद्धतीचा गाभा सोपा आहे: यादृच्छिक क्रमाच्या साखळ्यांची प्रचंड लायब्ररी घ्या, लक्ष्यासोबत मिसळा, न चिकटलेल्या धुऊन टाका, चिकटलेल्या सोडवून घ्या, त्यांच्या प्रती काढा, आणि पुन्हा तेच करा. साधारण आठ ते पंधरा फेऱ्यांत लायब्ररीचा सूर बदलतो.

बदललेली न्यूक्लिओटाइडं आली की या चक्रात दोन वळणं वाढतात. साध्या डीएनएवरून बदललेली साखळी लिहावी लागते, आणि निवड झाल्यावर ती परत साध्या डीएनएत वाचून आणावी लागते. लिहिणं आणि वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत. बहुतेक वेळा एन्झाइमही दोन लागतात आणि दोघांच्या खोडी निराळ्या असतात.

पायरी १: बदल कशासाठी हवा, ते एका वाक्यात लिहा

गमतीने सांगत नाही. वहीत खरोखर एक वाक्य लिहा. कारण बदल दोन अगदी वेगळ्या हेतूंनी केले जातात आणि नवख्यांच्या डोक्यात त्यांची सरमिसळ असते.

पहिला हेतू टिकाऊपणाचा. आरएनएच्या शर्करेवर दुसऱ्या कार्बनला जो हायड्रॉक्सिल गट असतो, तोच शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करून साखळी तोडायला मदत करतो. रक्तद्रव्यातली आरएनेझ-ए जातीची एन्झाइमं पिरिमिडिनच्या, म्हणजे सी आणि यू यांच्या, पुढे कापतात. त्यामुळे फक्त सी आणि यू यांच्या शर्करेवरचा तो गट काढून तिथे फ्लुओरिन बसवलं तरी आयुष्य कितीतरी वाढतं. चारही न्यूक्लिओटाइडं बदलायची गरज लागत नाही. डीएनएची दुखरी बाजू वेगळी आहे. रक्तद्रव्यात त्याला मुख्यतः ३'-टोकाकडून कुरतडलं जातं, म्हणून त्या टोकाला उलटा थायमिडिन लावला तरी बराच फरक पडतो. तो लावण्यासाठी निवडीत काहीच बदलावं लागत नाही.

दुसरा हेतू पकडीचा. नैसर्गिक चार बेसांकडे हायड्रोजन बंध आहेत, एकावर एक रचून बसणं आहे, फॉस्फेटचा ऋणभार आहे. पण प्रथिनांच्या पाण्यापासून दूर राहणाऱ्या खळग्यांत शिरायला लागणारी बेंझिल, इंडोल यांच्यासारखी बाजूची साखळी त्यांच्याकडे नाही. प्रतिपिंडं अशाच गटांचा भरपूर वापर करतात. युरिडिनच्या पाचव्या कार्बनवर असा गट जोडला की ही उणीव भरून निघते. सोमामर नावाने ओळखले जाणारे, हळू सुटणारे ॲप्टामर याच कल्पनेवर उभे आहेत. साध्या लायब्ररीतून ज्या प्रथिनांना काहीच मिळत नव्हतं, त्यांतल्या अनेकांना या वाटेने बांधणारे रेणू मिळाले.

तुमचं वाक्य ‘नमुन्यात तासभर टिकला पाहिजे’ असं असेल तर नॅफ्थिल गटाच्या वाटेला जाऊ नका. वाक्य ‘साध्या डीएनएने तीनदा प्रयत्न केले, काही मिळालं नाही’ असं असेल तर नुसत्या फ्लुओरिनवर फार आशा ठेवू नका.

पायरी २: निवडीच्या आधी की नंतर?

साध्या लायब्ररीतून ॲप्टामर काढायचा आणि मागाहून त्यात बदल बसवायचे, हा मार्ग सोपा दिसतो. एन्झाइमची कटकट नाही, सगळं काम रासायनिक संश्लेषणात. पण शर्करा बदलली की साखळीची घडी बदलते. फ्लुओरिन आणि मिथॉक्सी दोन्ही शर्करेला आरएनएच्या ढंगात वळवतात आणि दुहेरी भाग अधिक घट्ट करतात. डीएनएच्या ॲप्टामरमध्ये असे बदल सरसकट घातले तर बहुधा पकड जाते. तोच अक्षरांचा क्रम वेगळ्या शर्करेवर चढवला की रेणू वेगळा होतो, हे मनावर कोरून ठेवा.

व्यवहारात दोन्हींचा मेळ घालतात. पेगॅप्टानिब हे याचं उत्तम उदाहरण. डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांच्या वाढीला कारण ठरणाऱ्या व्हीईजीएफ-१६५ या प्रथिनाविरुद्धचा हा ॲप्टामर. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला मान्यता दिली. निवड झाली ती पिरिमिडिनवर फ्लुओरो असलेल्या लायब्ररीतून. नंतर प्युरिनांवर (ए आणि जी) एकेक करून मिथॉक्सी बसवत नेलं. दोन ॲडेनोसिन मात्र ऐकेनात. तिथे मिथॉक्सी आला की पकड ढासळायची. म्हणून ते दोन साध्या आरएनएचेच ठेवले, आणि औषध तसंच बाजारात आलं.

नवख्यांना माझा सल्ला हाच: जो बदल साखळीभर लागणार आहे तो निवडीतच घ्या. उरलेली डागडुजी मागाहून.

पायरी ३: बदल निवडा, पण एन्झाइमला विचारून

इथे घाई करू नका. काही नेहमीचे पर्याय बघू.

२'-फ्लुओरो पिरिमिडिन (२' म्हणजे शर्करेचा दुसरा कार्बन) हा पहिल्या प्रकल्पासाठी सर्वांत शहाणा पर्याय. डीएनएवरून आरएनए लिहिणाऱ्या टी७ आरएनए पॉलिमरेझच्या ६३९ क्रमांकावरच्या टायरोसिनच्या जागी फेनिलॲलानिन घातलं की, म्हणजे वाय६३९एफ हा बदललेला प्रकार घेतला की, तो फ्लुओरो-सीटीपी आणि फ्लुओरो-यूटीपी (सी आणि यू यांची ट्रायफॉस्फेट रूपं, म्हणजे एन्झाइमचा कच्चा माल) नीट उचलतो. मूळ एन्झाइममध्ये तो टायरोसिनच शर्करेवर हायड्रॉक्सिल आहे की नाही हे तपासणारा पहारेकरी असतो. परत वाचायला नेहमीचे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझ (आरएनएवरून डीएनए लिहिणारी एन्झाइमं) पुरतात. सुरुवातीच्या काळात २'-अमिनो पिरिमिडिनही वापरत. संश्लेषणातल्या अडचणींमुळे फ्लुओरोने त्याची जागा घेतली.

२'-मिथॉक्सी सगळीकडे घालायचा मोह होतो, कारण तो फार टिकतो. पण तो गट मोठा आहे. त्यासाठी पॉलिमरेझमध्ये आणखी बदल लागतात. वाय६३९एफच्या जोडीला एच७८४ए हा बदल केलेला प्रकार यासाठी प्रसिद्ध आहे. त्यातही मँगनीज आयन घालणं, सुरुवातीला जीएमपी देणं असे टेकू लागतात, आणि मँगनीज घातलं की चुका वाढतात. वाचतानाही रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझ अडखळतो. दुसऱ्या प्रकल्पासाठी ठेवा.

पाचव्या कार्बनवर बदललेला डीऑक्सियुरिडिन हा डीएनएच्या मार्गातला राजमार्ग. पाचवा कार्बन जोडी जुळवणाऱ्या कडेपासून दूर, मोठ्या खाचेकडे तोंड करून असतो. त्यामुळे तिथे बऱ्यापैकी मोठा गट बसवला तरी ए-शी जोडी जमते आणि पॉलिमरेझ फार तक्रार करत नाही. मात्र टॅक हा नेहमीचा पॉलिमरेझ इथे कच्चा पडतो. केओडी, पीडब्ल्यूओ, डीप व्हेंट यांसारखे ब-कुळातले पॉलिमरेझ अधिक समजूतदार.

क्लिक-सेलेक्समध्ये लायब्ररीत फक्त एथिनिल गटाचा लहानसा हूक बसवतात. प्रती काढून झाल्या की तांब्याच्या साहाय्याने होणाऱ्या अभिक्रियेने हव्या त्या अझाइडचा गट त्या हुकाला अडकवतात. एन्झाइमला मोठा गट लिहावाच लागत नाही, ही यातली खरी हुशारी. तांबं न्यूक्लिइक आम्लाला इजा करतं, म्हणून त्याला बांधून ठेवणारा लिगँड विसरू नका.

फॉस्फोरोथायोएटबद्दल (फॉस्फेटमधल्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक) सावध राहा. टिकाऊ आहे, लिहायला सोपा आहे, पण प्रथिनांना विनाकारण चिकटतो. नवख्याला फेरीगणिक वाढणारी ‘पकड’ दिसते आणि ती गंधकाची चिकटपट्टी निघते.

यापलीकडे टीएनए, एचएनए, एफएएनए अशी पूर्ण वेगळ्या कण्याची साखळी असते. २०१२ मध्ये सहा प्रकारच्या अशा कृत्रिम साखळ्यांत माहिती लिहून परत वाचता येते हे दाखवलं गेलं, आणि त्यातल्या एचएनएचे ॲप्टामरही निवडले गेले. सुंदर काम आहे. पण त्यासाठी लागणारे पॉलिमरेझ तुम्हाला बहुधा स्वतः बनवून शुद्ध करावे लागतील. आरशातल्या प्रतिमेसारखे एल-रूपातले स्पीगेलमर हाही वेगळाच खेळ: लक्ष्याची आरसाप्रतिमा बनवायची, साध्या डी-लायब्ररीतून तिला बांधणारा रेणू निवडायचा, आणि शेवटी त्याच क्रमाचा एल-रेणू संश्लेषित करायचा. एन्झाइमची अडचण इथे मुळातच टळते. पण लक्ष्य रासायनिक पद्धतीने बनवता येण्याइतकं लहान असलं पाहिजे.

ऑर्डर देण्याआधी एक गोष्ट तपासाच. तुम्ही निवडलेल्या बदलाचा ट्रायफॉस्फेट मिळतो का, हे सगळे बघतात. त्याच बदलाचा फॉस्फोरॅमिडाइट मिळतो का, हे फार थोडे बघतात. ट्रायफॉस्फेट निवडीसाठी लागतो. फॉस्फोरॅमिडाइट लागतो शेवटी, निवडलेला ॲप्टामर यंत्रावर बनवताना. तो नसेल तर विजेता ओळखूनही तो रासायनिक संश्लेषणाने बनवता येणार नाही. प्रत्येक खेप एन्झाइमने लिहीत बसावं लागेल. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

पायरी ४: लायब्ररीची रचना

मधला यादृच्छिक भाग ३० ते ४० न्यूक्लिओटाइडांचा, दोन्ही बाजूंना प्रायमरसाठी (नक्कल जिथून सुरू होते त्या छोट्या तुकड्यासाठी) ठरावीक क्रम. ४० अक्षरांच्या भागाला १० च्या २४ व्या घाताएवढ्या शक्यता असतात. त्या सगळ्यांची एकेक प्रत घ्यायची तर, ८० अक्षरांच्या साखळीचा हिशेब धरता, ५० किलोच्या आसपास डीएनए लागेल. प्रत्यक्षात आपण एक नॅनोमोल घेतो, म्हणजे सुमारे ६ वर १४ शून्ये इतके रेणू. त्यामुळे ‘सगळे क्रम तपासले’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

या आकड्याचा व्यावहारिक अर्थ असा की पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक क्रम एकटाच असतो. टी७ने आरएनए लिहिताना एका साच्यावरून अनेक प्रती मिळतात, म्हणून तिथे थोडी उसंत असते. प्रायमर पुढे वाढवून बदललेला डीएनए लिहिताना एका साच्यावरून एकच प्रत निघते. ती नळीच्या भिंतीला चिकटून गेली तर तो क्रम कायमचा गेला.

आरएनएच्या मार्गात साच्याला टी७चा प्रमोटर (एन्झाइमला सुरुवात दाखवणारा क्रम) आणि त्यानंतर दोन-तीन जी हवेत. बदललेल्या न्यूक्लिओटाइडांनी सुरुवात करायला टी७ला अजिबात आवडत नाही. पहिली काही अक्षरं जी आणि ए यांची ठेवली तर उत्पन्न चांगलं येतं.

डीएनएच्या मार्गात आणखी एक खोच आहे. प्रायमर साधा असतो, त्यामुळे तयार साखळीचं ५'-टोक साधं राहतं आणि बदल त्याच्यापुढेच सुरू होतो. ॲप्टामर मागवताना हे विसरून सगळ्याच टी-जागा बदललेल्या लिहून दिल्या, तर तुमच्या हातात येणारा रेणू निवडलेला रेणू नसतो. आरएनएच्या मार्गात उलट: ठरावीक भागासकट सगळी साखळी बदललेली असते. हा फरक ऑर्डरच्या दिवशी आठवत नाही, म्हणून आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पायरी ५: रिकामी फेरी

आता मुख्य काम. लक्ष्य नाही, ते धरून ठेवणारे मणी नाहीत, धुणं नाही. फक्त लिहा, शुद्ध करा, परत वाचा, पीसीआर करा (डीएनएच्या प्रती वाढवा). आणि हे चक्र तीन-चार वेळा फिरवा.

सुरुवात एका ओळखीच्या क्रमापासून करा, लायब्ररीपासून नव्हे. एकाच क्रमाची साखळी लिहून जेलवर चालवा. एकच धारदार पट्टा आला पाहिजे. खाली शिडीसारखे पट्टे दिसले तर एन्झाइम मध्येच सुटतोय. ज्या ट्रायफॉस्फेटवर अडतोय त्याची संहती दुप्पट-तिप्पट करून बघा, वेळ वाढवा; मँगनीज सगळ्यात शेवटी. बदललेला ट्रायफॉस्फेट वगळून एक नळी चालवायला विसरू नका. तिच्यातही पूर्ण लांबीची साखळी दिसली तर तुमच्या मिश्रणात कुठूनतरी साधा न्यूक्लिओटाइड घुसलाय, आणि तुम्ही ज्याला बदललेली लायब्ररी समजताय ती तशी नाही.

मग वाचन. इथला सगळ्यात फसवा सापळा म्हणजे मूळ साच्याचा डीएनए. आरएनए लिहून झाल्यावर तो डीएनेझने पचवतात, पण सगळा जातोच असं नाही. उरलेला साचा पीसीआरमध्ये थेट वाढतो आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझने काही वाचलंच नसलं तरी जेलवर झकास पट्टा येतो. म्हणून रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझ न घातलेली नळी प्रत्येक फेरीत, न चुकता. तिच्यात आणि खऱ्या नळीत क्यूपीसीआरवर (प्रती वाढताना मोजणाऱ्या पीसीआरवर) दहा चक्रांचं अंतर असलं की निश्चिंत व्हा. दोन-तीनच चक्रांचं असेल तर थांबा आणि जेलमधून कापून शुद्ध करा.

डीएनएच्या मार्गात साचा आणि नवी साखळी वेगळी करावी लागते. साच्याला बायोटिन लावून, बायोटिनला घट्ट पकडणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिन प्रथिनाच्या मण्यांवर धरायचं आणि सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने नवी साखळी सोडवून लगेच उदासीन करायची. अल्कली तीव्र किंवा वेळ जास्त झाली की थोडं स्ट्रेप्टाव्हिडिन साच्यासकट सुटून येतं. दुसरा उपाय लॅम्ब्डा एक्झोन्यूक्लिएझचा: साच्याच्या ५'-टोकाला फॉस्फेट असलेला प्रायमर वापरला की हे एन्झाइम तीच साखळी खाऊन टाकतं. पीसीआर मात्र नेहमी साध्या न्यूक्लिओटाइडांनीच करा आणि बदल फक्त शेवटच्या एका लेखनात आणा. वीस चक्रं बदललेल्या न्यूक्लिओटाइडांनी चालवण्याचा हट्ट म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

ओळखीचा क्रम नीट आला की लायब्ररीवर या. रिकाम्या तीन-चार फेऱ्यांनंतरची लायब्ररी आणि मूळ लायब्ररी, दोन्ही सीक्वेन्स करा. तीन गोष्टी बघा. चारही अक्षरांचं प्रमाण सरकलं का? बहुतेक वेळा बदललेलं अक्षर कमी होतं, कारण ओळीने तीन-चार जड गट आले की पॉलिमरेझ धापा टाकतो आणि असे क्रम मागे पडतात. लांबी कमी झाली का? आखूड रेणूंच्या नकला पटापट निघतात आणि ते लायब्ररी बळकावतात. आणि ओळखीच्या क्रमात दर अक्षरामागे चुका किती?

टी-चं प्रमाण जरासं घसरलं तर मूळ लायब्ररीच्या संश्लेषणात टी थोडा वाढवून मागवता येतो. निम्म्यावर आलं तर बदल किंवा एन्झाइम बदला. लक्ष्य अजून बाटलीतच आहे, नुकसान फक्त आठवड्याचं. हीच चूक दहाव्या फेरीत उमगली तर ती पकड आहे की नुसती नकलेची सोय, हे सांगता येत नाही.

पायरी ६: लक्ष्य आणि आधार

प्रथिन शुद्ध हवं, आणि मण्यांवर किंवा गाळण पटलावर बसल्यावरही ते आपल्या नेहमीच्या घडीत असलं पाहिजे. सापडलेला ॲप्टामर पुढे ज्या बफरमध्ये वापरणार, त्याच बफरमध्ये निवड करा. मॅग्नेशियमची संहती विशेषकरून तीच ठेवा. नायट्रोसेल्युलोज गाळणी प्रथिनांसाठी ठीक, लहान रेणूंना ती धरत नाही.

पाण्यापासून दूर पळणारे गट घातले असतील तर प्लॅस्टिक, मणी, स्ट्रेप्टाव्हिडिन हे सगळेच छुपे लक्ष्य बनतात. त्यामुळे पहिल्या फेरीपासून लायब्ररी आधी कोऱ्या मण्यांवरून फिरवा आणि जे चिकटलं नाही तेच पुढे न्या. शेजारचे सारखे दिसणारे रेणू वेगळे ओळखायचे असतील तर उलटी निवडही हवी. थिओफिलिनचा आरएनए ॲप्टामर कॅफिनपेक्षा थिओफिलिनला दहा हजार पट घट्ट धरतो, आणि दोन रेणूंत फरक फक्त एका मिथिल गटाचा. १९९४ मध्ये हे साधलं ते कॅफिनने धुऊन काढणाऱ्या फेऱ्यांमुळे.

पायरी ७: खऱ्या फेऱ्या

लायब्ररी मॅग्नेशियम नसलेल्या बफरमध्ये ९० ते ९५ अंशांवर काही मिनिटं तापवा, थंड करा, मग मॅग्नेशियम घाला. फ्लुओरो आणि मिथॉक्सी साखळ्यांच्या चुकीच्या घड्याही हट्टी असतात, म्हणून हे टाळू नका.

पहिली फेरी मवाळ ठेवा. लक्ष्य भरपूर, धुणं एक-दोनदाच. एकुलता एक क्रम घालवायचा नाही, हे आठवा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून लक्ष्याची संहती उतरवत न्या, टी-आरएनए किंवा साल्मन शुक्राणूंचा डीएनए स्पर्धेला घाला, धुणं वाढवा.

जड गटांच्या लायब्ररीत एक युक्ती विशेष कामाची आहे. बांधणी झाल्यावर डेक्स्ट्रान सल्फेटसारखा बहुऋणभारी पदार्थ घालून थांबायचं. जे रेणू फक्त ऋणभाराच्या जोरावर लटकले होते ते सुटतात आणि पुन्हा जागा मिळवू शकत नाहीत. जे हळू सुटतात ते राहतात. सुटण्याचा वेग दर सेकंदाला ०.००१ असलेल्या रेणूचं अर्धायुष्य साडेअकरा मिनिटांच्या आसपास येतं. अर्धा तास थांबलात तर असे बहुतांश गळून पडतात आणि त्याहून चिवट उरतात. थांबण्याचा वेळ या हिशेबाने ठरवा, सवयीने नव्हे.

पीसीआरची चक्रं मोजून चालवा. छोट्या नळीत आधी चाचणी घ्या, दर दोन चक्रांनी थोडं काढून जेलवर बघा, आणि अपेक्षित पट्ट्याच्या वर धूर दिसायच्या आधी थांबा. यादृच्छिक लायब्ररीत जास्त चक्रं झाली की साखळ्या एकमेकींनाच प्रायमर समजू लागतात.

प्रत्येक फेरीत किती टक्के लायब्ररी लक्ष्यावर राहिली आणि किती कोऱ्या मण्यांवर, हे दोन्ही आकडे शेजारी लिहा. दोन्ही एकत्र चढू लागले तर तुम्ही मण्यांचा ॲप्टामर निवडताय.

पायरी ८: क्रम वाचणं आणि उमेदवार बनवणं

सीक्वेन्सिंग साध्या डीएनएच्या प्रतीवर होतं. त्या यादीतला प्रत्येक टी हा खरं तर तुमचा बदललेला यू आहे, पण संगणकाला ते ठाऊक नसतं. फक्त शेवटची फेरी न वाचता तिसऱ्या-चौथ्या फेरीपासूनच्या सगळ्या वाचा आणि त्यांच्या शेजारी रिकाम्या फेरीची यादी ठेवा. जो क्रम रिकाम्या फेरीतही वाढतो तो नकलेत हुशार आहे, पकडीत असेलच असं नाही. इथे ती सुरुवातीची मेहनत व्याजासकट परत मिळते. संख्येने पहिला आलेला क्रम अनेकदा सर्वोत्तम नसतो. मधल्या फेऱ्यांत झपाट्याने वर सरकणारे बघा.

पाच-सहा उमेदवार रासायनिक संश्लेषणाने बनवा. प्रत्येकासोबत दोन जोडीदार हवेत: त्याच क्रमाची बिनबदलाची साखळी, आणि तेच बदल तितक्याच संख्येने असलेली पण अक्षरं ढवळलेली साखळी. दुसरा जोडीदार महाग पडतो म्हणून लोक तो टाळतात. टाळू नका. ढवळलेली साखळीही तितकीच चिकटली तर तुमच्याकडे ॲप्टामर नसून एक चिकट रसायन आहे, आणि हे परीक्षकाने विचारण्याआधी तुम्हाला कळलेलं बरं.

पकड निवडीत वापरलेल्या पद्धतीपेक्षा वेगळ्या पद्धतीने मोजा. मण्यांवर निवडलं असेल तर गाळणीवर किंवा पृष्ठभागाच्या प्लाझ्मॉन अनुनादावर. आधार बदलला की खोट्या पकडी पहिल्याच दिवशी गळतात.

पायरी ९: छाटणी आणि टोकं

ॲप्टामर सहसा निम्म्यापर्यंत छाटता येतो. आधी दोन्ही टोकांचे प्रायमरचे भाग काढून बघा, मग घडीच्या अंदाजाने आत जा. घडी वर्तवणारी संगणकीय साधनं साध्या आरएनए-डीएनएच्या ऊर्जेवर चालतात. बदललेल्या साखळीसाठी त्यांचं उत्तर ढोबळ धरा, निर्णय मोजमापावर घ्या.

मग एकेका जागेवर बदल करून बघा. जड गट दहा जागी असले तरी त्यातले दोन-तीनच लक्ष्याला भिडत असू शकतात; बाकी ठिकाणी साधा टी चालून जातो आणि रेणू स्वस्त होतो, कमी चिकट होतो. ३'-टोकाला उलटा थायमिडिन. टिकाऊपणाची चाचणी ज्या द्रवात वापर होणार त्याच द्रवात, ३७ अंशांवर, वेळोवेळी नमुने काढून जेलवर.

रक्तात फिरवायचा असेल तर मूत्रपिंड लहान साखळी झटकन गाळून टाकतं, म्हणून पेगची (पॉलिएथिलीन ग्लायकॉलची) लांब शेपटी जोडतात. पेगॅप्टानिबला ती ४० किलोडाल्टनची आहे. पण पेगलाही विचारून घ्या: पेगनिव्हाकोजिन या रक्त गोठण्याविरुद्धच्या ॲप्टामरची मोठी चाचणी २०१४ मध्ये तीव्र ॲलर्जीमुळे थांबवावी लागली, आणि त्या प्रतिक्रियांचा संबंध रुग्णांत आधीपासून असलेल्या पेगविरोधी प्रतिपिंडांशी आढळला. ॲप्टामरचा क्रम आणि त्याचे फ्लुओरो-मिथॉक्सी बदल तिथे निर्दोष होते.